दुसऱ्याच्या संगणकावर उघडणारा बायोडाटा

प्रस्तावना

नाशिकमधल्या तरुणाचा पहिला बायोडाटा बहुतेक वेळा तीनपैकी एका वाटेने तयार होतो. मित्राची जुनी फाइल घेऊन तिच्यात नाव, पत्ता आणि टक्केवारी बदलली जाते. किंवा झेरॉक्सच्या दुकानातला ऑपरेटर एकेक गोष्ट विचारत टाइप करतो आणि लगेच दोन प्रिंट काढून देतो. किंवा मोबाइलवरच्या एखाद्या ॲपमध्ये रकाने भरले की रंगीत पान हातात पडते. तिन्ही वाटांनी कागद मिळतो, पण ज्याच्या नावाची ती फाइल आहे त्याला ती आतून कशी बांधली आहे हे कळत नाही. सहा महिन्यांनी एक नवा कोर्स किंवा नवी नोकरी त्यात घालायची झाली की पान विस्कटते आणि पुन्हा दुकान गाठावे लागते. वर्ड प्रोसेसरमध्ये रेझ्युमेची मांडणी कशी करावी हा या पुस्तिकेचा विषय आहे, आणि या प्रस्तावनेत मला एकच मुद्दा मांडायचा आहे. मांडणी फाइलच्या आत असते. पडद्यावर दिसणारे रूप हा तिचा परिणाम असतो. ज्या रेझ्युमेची आतली रचना पक्की नाही, तो आपल्या पडद्यावर कितीही देखणा दिसला तरी दुसऱ्याच्या संगणकावर टिकत नाही. आणि रेझ्युमे दुसऱ्याच्याच संगणकावर उघडायचा असतो.

हा मुद्दा नाशिकच्या संदर्भात मांडण्याला कारण आहे. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहती, सिन्नरजवळची माळेगावची वसाहत, १९६४ पासून ओझरला असलेला विमानांचा कारखाना, द्राक्ष आणि वाइनचा व्यवसाय, रुग्णालये, कॉल सेंटर, सॉफ्टवेअरची कार्यालये, पतसंस्था आणि शाळा, इतक्या निरनिराळ्या ठिकाणी इथले उमेदवार अर्ज करतात. त्यामुळे एकाच उमेदवाराचा एकच रेझ्युमे फार वेगवेगळे लोक फार वेगवेगळ्या रीतीने वाचतात. अंबडच्या लहान युनिटमधला सुपरवायझर तो कागदावर, उभ्या उभ्या, शॉप फ्लोअरवरून परतताना वाचतो. पुण्याची किंवा बंगळुरूची एचआर अधिकारी तो फोनवर उघडते. नोकरीच्या संकेतस्थळावर टाकलेली फाइल आधी सॉफ्टवेअर वाचते आणि त्यातून नाव, शिक्षण, अनुभव वेगळे काढून आपल्या रकान्यांत भरते. या तिघांपैकी कोणाकडेही उमेदवाराचा संगणक नाही, त्याचे फॉन्ट नाहीत, त्याच्या दुकानदाराचा प्रिंटर नाही. तिघांनाही उपयोगी पडणारी फाइल करता येते. त्यासाठी तीन वेगळ्या फाइली लागत नाहीत.

आपली मांडणी कच्ची का राहते, याचे मूळ शोधायला टाइपरायटरकडे जावे लागते. महाराष्ट्रात टंकलेखनाचे शिक्षण गावोगावी पोचले ते खासगी इन्स्टिट्यूटांमुळे आणि राज्य परीक्षा परिषदेच्या परीक्षांमुळे. मराठीचा मिनिटाला ३० शब्द किंवा इंग्रजीचा ४० शब्द हा वेग लिपिक-टंकलेखकाच्या पदासाठी आजही लागतो. यंत्राच्या टाइपरायटरवर जवळपास प्रत्येक कळ दाबली की कॅरेज सारखेच अंतर पुढे सरकत असे. ‘आय’ आणि ‘डब्ल्यू’ ही रोमन अक्षरेही तिथे सारखीच जागा घेत. त्यामुळे स्पेस मोजून रकाने जुळवता येत, आणि ते खरोखर जुळत. संगणकावरच्या बहुतेक फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराची रुंदी वेगळी असते. ‘र’ला लागते त्याच्या दुपटीहून अधिक जागा ‘क्ष’ किंवा ‘ज्ञ’ घेऊ शकतो. तरीही आपले बायोडाटे पाहा: ‘नाव’, ‘जन्मतारीख’, ‘शैक्षणिक पात्रता’, ‘भाषांचे ज्ञान’ अशी लेबले एकाखाली एक, आणि त्यांच्यापुढचे विसर्गासारखे दोन ठिपके एका उभ्या रेषेत आणण्यासाठी स्पेसबार दाबदाबून भरलेली पोकळी. ज्या संगणकावर हे केले तिथे ठिपके जुळलेले दिसतात. फॉन्ट बदलला, आकार अर्ध्या पॉइंटने वाढवला किंवा फाइल लिबरऑफिसमध्ये उघडली की तेच ठिपके नागमोडी होतात.

इथे टाइपरायटरला दोष देणे मात्र अन्यायाचे होईल. चांगल्या टंकलेखकाला त्या यंत्रावरही मार्जिन लावणे आणि टॅब्युलेटरचे थांबे लावणे शिकवलेले असे. तक्ता टाइप करण्याआधी तो कागदाची रुंदी मोजत असे, रकान्यांची रुंदी ठरवत असे, थांबे लावत असे, आणि मगच पहिली कळ दाबत असे. आधी रचना, मग मजकूर, हा क्रम त्याच्या अंगवळणी पडलेला होता. संगणक आला, चूक खोडणे फुकट झाले, आणि नेमकी हीच शिस्त मागे पडली. वर्डमध्ये टॅबचे थांबे आजही आहेत, पट्टीवर एका क्लिकने लागतात, डाव्या, उजव्या किंवा मधल्या बाजूने ओळी जुळवतात. नोकरीचे नाव डावीकडे आणि वर्षे उजव्या कडेला नेमकी लावायची असतील तर उजवा टॅब एवढेच त्याचे उत्तर आहे. पण शिकवताना आपण ‘बोल्ड’, ‘इटॅलिक’, ‘अंडरलाइन’ यांच्यापासून सुरुवात करतो आणि बहुतेक विद्यार्थी तिथेच थांबतात. २००१ मध्ये सुरू झालेल्या एमएस-सीआयटीने राज्यातल्या लाखो लोकांना संगणकापुढे बसवले, हे फार मोठे काम आहे. त्या शिक्षणाची पुढची पायरी रचनेची आहे, आणि ती चढायला फारसा वेळ लागत नाही.

रचना म्हणजे नेमके काय, हे फाइल उघडून पाहता येते. वर्ड २००७ पासून ‘डॉक्सएक्स’ ही नेहमीची फाइल झाली. ही फाइल प्रत्यक्षात एक झिप पेटी असते; तिचे शेपूट बदलून ‘झिप’ केले की आतल्या लहान फाइली दिसतात. एकीत मजकूर असतो, दुसरीत स्टाइलची यादी, तिसरीत फाइल कोणी आणि केव्हा केली याची नोंद. मजकुराच्या फाइलमध्ये प्रत्येक परिच्छेदाला त्याची जात लिहून ठेवलेली असते: हे शीर्षक, हा साधा परिच्छेद, ही यादीतली ओळ. आता एकाने ‘शैक्षणिक पात्रता’ हे शब्द निवडले, ठळक केले, आकार १६ केला, खाली रेघ मारली. आणि दुसऱ्याने त्याच शब्दांना ‘हेडिंग’ची स्टाइल दिली. कागदावर दोघांचे पान हुबेहूब सारखे दिसू शकते. फाइलच्या आत पहिल्याने फक्त ‘ही अक्षरे मोठी आणि जाड’ असे लिहिले आहे, दुसऱ्याने ‘इथे नवा विभाग सुरू होतो’ असे लिहिले आहे. दुसऱ्याला सगळी शीर्षके एका ठिकाणी बदलून एकदम बदलता येतात. त्याचे शीर्षक पानाच्या तळाशी एकटे अडकत नाही, कारण ‘पुढच्या परिच्छेदासोबत राहा’ ही सूचना त्या स्टाइलमध्येच असते. दृष्टिहीन व्यक्ती स्क्रीन रीडर वापरून ती फाइल वाचत असेल तर एका शीर्षकावरून दुसऱ्यावर उडी मारू शकते. पहिल्याच्या फाइलमध्ये तिला आरंभापासून शेवटपर्यंत सगळे ऐकावे लागते. पडद्यावर सारखे दिसणारे हे दोन रेझ्युमे मुळात वेगवेगळ्या दर्जाचे आहेत.

कागदाचे मापही याच गोष्टीत मोडते. आपल्याकडे प्रिंटरमध्ये ए-फोर कागद असतो, २१० मिलिमीटर रुंद आणि २९७ मिलिमीटर उंच. इंटरनेटवरून उतरवलेले बरेच टेम्पलेट अमेरिकी ‘लेटर’ मापाचे असतात. तो कागद सुमारे सहा मिलिमीटर अधिक रुंद आणि अठरा मिलिमीटर कमी उंच असतो. उमेदवाराला हा फरक पडद्यावर जाणवत नाही. प्रिंट काढताना एकतर प्रिंटर पान आक्रसून छापतो, किंवा उजवीकडची वर्षे कडेला जाऊन चिकटतात. ज्याने नवे पान एंटर मारत मारत आणले आहे त्याचे दुसरे पान मग भलत्याच ओळीवर सुरू होते. पानाचे माप सगळ्यात आधी ठरवावे, आणि नवे पान हवे असेल तर पेज ब्रेक द्यावा. हे दोन नियम पाळले तरी दुकानात होणारी निम्मी ओढाताण वाचेल.

मराठी मजकुराचा प्रश्न याहून खोल आहे आणि त्यावर मी मुद्दाम थांबतो, कारण इंग्रजीतून आलेल्या मार्गदर्शनात तो कधीच येत नाही. आपल्याकडे संगणकावर मराठी आधी आली ती छपाईसाठी. श्री-लिपी, आकृती, कृतिदेव, शिवाजी अशा फॉन्टनी वर्तमानपत्रे, लग्नपत्रिका, निविदा आणि प्रश्नपत्रिका छापून दिल्या. या फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले होते. फाइलमध्ये साठवली जात ती रोमन अक्षरे आणि विरामचिन्हेच; डोळ्यांना ती देवनागरी दिसत, कारण त्या संगणकावर तो फॉन्ट होता. छापून हातात द्यायच्या कागदासाठी एवढे पुरेसे होते. ती फाइल फॉन्ट नसलेल्या संगणकावर गेली की उरते ती निरर्थक अक्षरांची रांग, आणि तिच्यात उमेदवाराचे स्वतःचे नावसुद्धा नसते. १९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक मिळाला. विंडोज २००० पासून मंगल फॉन्टसह ती सामान्य संगणकावर पोचली. म्हणजे प्रश्न सुटून पाव शतक उलटले. तरी जुने फॉन्ट अजून वापरात आहेत, कारण ऑपरेटरचा हात त्या कीबोर्डवर बसला आहे आणि दुकानातल्या शेकडो जुन्या फाइली त्यातच आहेत. ऑपरेटरची अडचण खरी आहे. तिचा उपायही उपलब्ध आहे: टाइपरायटरच्या जुन्या कीबोर्डवरूनच युनिकोडमध्ये लिहिता येते, सवय मोडावी लागत नाही. उमेदवाराने दुकानात एवढेच सांगावे की मराठी मजकूर युनिकोडमध्ये हवा, आणि फाइल हाती आल्यावर त्यातली एक ओळ कॉपी करून व्हॉट्सॲपमध्ये चिकटवून पाहावी. तिथे मराठी दिसली तर फाइल खरी आहे.

युनिकोड वापरल्यावरही मराठीच्या काही गरजा उरतात. देवनागरीला ओळीच्या वर आणि खाली दोन्हीकडे जागा लागते: वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार, खाली उकार, ऋकार आणि जोडाक्षरांचे पाय. ओळींमधले अंतर ‘एक्झॅक्टली’ अमुक पॉइंट असे बांधून टाकले, आणि इंग्रजी टेम्पलेटमध्ये ते पुष्कळदा तसे बांधलेले असते, तर रफार छाटले जातात आणि ‘कार्य’चे ‘काय’ दिसू लागते. अंतर पटीत ठेवावे, म्हणजे अक्षराच्या मापाप्रमाणे ते वाढते. शिवाय वर्ड रोमन लिपीचा फॉन्ट आणि आकार एका ठिकाणी नोंदवतो, देवनागरीचा दुसऱ्या ठिकाणी. स्टाइलमध्ये इंग्रजीचा आकार ११ केला तरी मराठीचा जुनाच राहू शकतो, आणि मग एकाच ओळीत ‘सीएनसी’ मोठे आणि ‘प्रशिक्षण’ लहान असा प्रकार होतो. दोन्ही आकार स्टाइलमध्ये एकदाच ठरवले की हा त्रास थांबतो. आणखी एक बारीक गोष्ट: ‘कऱ्हाडे’, ‘गोऱ्हे’, ‘वऱ्हाडे’ यांसारख्या आडनावांतला अर्धा र युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिला जाऊ शकतो, आणि दोन्ही पडद्यावर सारख्याच दिसतात. अर्जात एक रीत आणि रेझ्युमेत दुसरी असेल तर नाव शोधणाऱ्या संगणकाला ही दोन वेगळी माणसे वाटू शकतात. आपले नाव एकदा बरोबर टाइप करून तेच सगळीकडे कॉपी करणे हा यावरचा सोपा मार्ग आहे. फोन नंबर आणि ईमेल मात्र इंग्रजी आकड्यांत आणि रोमन अक्षरांतच ठेवावेत, म्हणजे वाचणाऱ्याला फोनवर बोट ठेवून थेट कॉल लावता येतो.

यावर कोणी म्हणेल, पीडीएफ करून पाठवा, सगळे प्रश्न मिटतील. ते बरेचसे मिटतात, हे खरे. १९९३ मध्ये आलेला हा प्रकार नेमका यासाठीच केला गेला की पान सगळीकडे सारखे दिसावे. फॉन्ट फाइलच्या आतच जातो. पण पीडीएफ दिसण्याची हमी देते, वाचता येण्याची देत नाही. पीडीएफमध्ये पानावर कोणती आकृती कुठे छापायची याची नोंद प्रामुख्याने असते, आणि देवनागरीत पहिली वेलांटी उच्चाराने व्यंजनानंतर येत असली तरी आकृती आधी छापली जाते. त्यामुळे पानावर स्वच्छ दिसणारी मराठी कॉपी करून चिकटवली की कधीकधी वेलांट्या भलत्या अक्षरांना लागलेल्या आणि जोडाक्षरे तुटलेली निघतात. शिवाय आपल्याकडे एक घातक सवय पडली आहे. प्रिंट काढायची, फोनने तिचा फोटो घ्यायचा, आणि त्या फोटोची पीडीएफ पाठवायची. त्या फाइलमध्ये एकही अक्षर नसते, फक्त चित्र असते. वर्ड प्रोसेसरमधूनच पीडीएफ करावी आणि पाठवण्याआधी तिच्यातला मजकूर साध्या नोटपॅडमध्ये चिकटवून पाहावा. नाव, फोन, शिक्षण, अनुभव हा क्रम तिथे नीट उतरला तर सॉफ्टवेअरलाही तो बहुधा नीट कळेल. दोन रकान्यांचे पान, टेक्स्ट बॉक्समध्ये ठेवलेली कौशल्ये, हेडरमध्ये टाकलेला फोन नंबर आणि कौशल्याच्या टक्केवारीचे रंगीत पट्टे या परीक्षेत बहुतेक वेळा नापास होतात.

यंत्राबद्दल एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. सॉफ्टवेअर रेझ्युमे ‘फेकून देते’ अशी भीती घालून टेम्पलेट आणि सेवा विकणाऱ्या जाहिराती आता सगळीकडे दिसतात. प्रत्यक्षात जास्त वेळा घडते ते असे की सॉफ्टवेअर चुकीची माहिती चुकीच्या रकान्यात भरते. कंपनीचे नाव पदाच्या जागी, गावाचे नाव आडनावाच्या जागी. मग ‘टर्नर’ शोधणाऱ्या अधिकाऱ्याच्या यादीत तो टर्नर येतच नाही, आणि नकार मिळाल्याचे उमेदवारालाही कळत नाही. यंत्राला फसवण्यासाठी पांढऱ्या अक्षरांत शब्द लपवण्याचे सल्लेही दिले जातात. ती लबाडी आहे, मजकूर निवडला की उघडी पडते, आणि तिने नोकरीपेक्षा विश्वास आधी जातो.

या सगळ्यावरचा मुख्य आक्षेप असा: माणसात गुण असतील तर मांडणीने काय फरक पडतो? ज्याला काम येते त्याला नोकरी मिळते. बाकी सगळा दिखावा. हा आक्षेप मनापासून घेतला जातो आणि त्यामागे एक निरोगी तिटकारा आहे, म्हणून त्याचे उत्तरही मनापासून द्यायला हवे. मांडणी म्हणजे सजावट असे धरले तर आक्षेप बरोबर आहे. रंग, चौकटी आणि चित्रे काढून टाकल्याने कोणाचेही नुकसान होत नाही. मांडणी म्हणजे क्रम आणि वजन असे धरले तर मात्र गुण दाखवायचे कसे हा प्रश्न मांडणीचाच होतो. नाशिकला १९८९ मध्ये यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. तिथला विद्यार्थी पुष्कळदा आधी कामाला लागलेला असतो आणि शिक्षण नंतर पूर्ण करतो. अंबडमध्ये दहा वर्षे काम करत करत पदवी घेतलेल्या माणसाने कॉलेजमधून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलाचे टेम्पलेट वापरले तर काय होते? वर ‘करिअर ऑब्जेक्टिव्ह’, मग दहावी, बारावी, पदवी यांचा तक्ता, ज्यात वयाच्या मानाने पदवीचे साल उशिराचे दिसते, आणि दहा वर्षांचा अनुभव दुसऱ्या पानावर दोन ओळींत. त्याचा सगळ्यात मोठा गुण मांडणीने दडवला आणि जी गोष्ट कौतुकाची आहे ती उणीव म्हणून पुढे आली. अनुभव वर घेतला, त्याच वर्षांच्या शेजारी ‘नोकरी सांभाळून पदवी’ अशी नोंद केली, तर शब्द तेवढेच राहतात आणि माणूस खरा दिसतो.

आयटीआयच्या मुलामुलींचेही तसेच आहे. त्यांच्या बायोडाट्यात ‘मेहनती’, ‘प्रामाणिक’, ‘टीममध्ये काम करण्याची तयारी’ यांना चांगल्या पाच ओळी मिळतात आणि ट्रेडला अर्धी. सातपूरचा सुपरवायझर शोधतो ते असे: कोणता ट्रेड, एनसीव्हीटी की एससीव्हीटी, ॲप्रेंटिसशिप कुठे आणि किती काळ, लेथ चालवली की व्हीएमसी, कंट्रोलर फानुक की सीमेन्स, प्रोग्राम स्वतः लिहिता येतो की फक्त ऑफसेट घेता येतो, व्हर्नियर आणि मायक्रोमीटर वाचता येतात का, ड्रॉइंग वाचता येते का. हे सगळे पहिल्या पानाच्या वरच्या एकतृतीयांश भागात बसू शकते. ते तिथे बसवणे हेच मांडणीचे काम आहे, आणि त्यात दिखाव्याचा अंशही नाही.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. लहान कारखान्यात कागदच द्यायचा असतो, गेटवर वॉचमनकडे. आणि सरकारी जागांचे, महास्वयम् पोर्टलचे, २०२४ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेचे अर्ज ऑनलाइन फॉर्मवर भरले जातात. मग फाइलची एवढी काळजी कशाला? कागदाचे म्हणाल तर, तो त्याच फाइलमधून निघतो, आणि आज गेटवर दिलेला कागद उद्या ‘व्हॉट्सॲपवर पण टाका’ म्हणून मागितला जातो. फॉर्मचे म्हणाल तर, प्रत्येक फॉर्म तीच माहिती वेगळ्या क्रमाने विचारतो: उत्तीर्ण होण्याचा महिना, बैठक क्रमांक, गुण, नोकरीच्या सुरुवातीची तारीख. ज्याच्याकडे नीट बांधलेली एक मूळ फाइल आहे तो या फॉर्मांत तारखा चुकवत नाही. कागदपत्र तपासणीच्या वेळी फॉर्ममधली तारीख आणि दाखल्यावरची तारीख जुळली नाही तर काय होते, हे स्पर्धा परीक्षांच्या उमेदवारांना सांगायला नको.

आता ॲप आणि कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने हेच सगळे एका मिनिटात करून देतात, मग शिकायचे कशासाठी, असाही प्रश्न येईल. ती जरूर वापरावीत. इंग्रजी सुधारून घ्यायला, लांबलेले वाक्य आखूड करायला त्यांचा उपयोग होतो, आणि ज्यांच्या घरात इंग्रजी नव्हते त्यांना ही मदत मिळते याचा मला आनंद आहे. पण साधन देते ते पान तपासता येण्यासाठी चांगले पान कशाने चांगले होते हे आपल्याला माहीत असावे लागते. फुकट म्हणवणारी काही ॲप शेवटी डाउनलोडसाठी पैसे मागतात, किंवा जी फाइल देतात ती पुढे बदलता येत नाही. स्वतःच्या ओळखीचा कागद बदलायला दर वेळी दुसऱ्याची परवानगी लागावी, हे मला पटत नाही.

रेझ्युमेत काय नसावे याबद्दल पुस्तिकेत सविस्तर आहे. मी दोनच गोष्टी सांगतो. आपल्याकडचा नोकरीचा बायोडाटा लग्नाच्या बायोडाट्याच्या आणि सरकारी अर्जाच्या मिश्रणातून घडला आहे. म्हणून त्यात धर्म, जात, वैवाहिक स्थिती, वडिलांचा व्यवसाय, कधीकधी आधार क्रमांकसुद्धा येतो. आरक्षणाच्या जागेसाठी जातीचा दाखला लागतो तिथे तो फॉर्ममध्ये मागितला जातो. खासगी कंपनीच्या रेझ्युमेत यातले काहीही लागत नाही, आणि आधार क्रमांक तर कोणाच्याही ईमेलमध्ये मोकळा फिरू नये. शेवटचे ‘वरील माहिती खरी आहे’ हे प्रतिज्ञापन, ‘स्थळ : नाशिक’, दिनांक आणि सही ही प्रथा मात्र मला निरुपद्रवी वाटते. जागा असेल तर ठेवावी, नसेल तर पहिली तीच काढावी. दुसरी गोष्ट फाइलच्या आतल्या नोंदीची. मित्राची फाइल बदलून केलेल्या रेझ्युमेत ‘लेखक’ म्हणून मित्राचे किंवा दुकानाचे नाव राहून जाते, आणि वाचणाऱ्याला ते दिसते. नवी कोरी फाइल उघडावी, आपला मजकूर तिच्यात लिहावा, तिला आपल्या नावाने आणि पदाच्या नावाने साठवावे, आणि दुकानातून निघताना तिथल्या डेस्कटॉपवरची प्रत पुसावी.

ही पुस्तिका वाचण्याआधी वाचकाने एक गोष्ट करावी. आपला सध्याचा रेझ्युमे उघडावा आणि वर्डमधले परिच्छेदाच्या खुणा दाखवणारे बटण दाबावे. स्पेसच्या जागी ठिपके, टॅबच्या जागी बाण आणि एंटरच्या जागी खुणा दिसू लागतात. ठिपक्यांच्या लांब रांगा आणि रिकाम्या ओळींच्या खुणा जिथे दिसतील, तिथून कामाला सुरुवात होते. आयटीआय, महाविद्यालये आणि टंकलेखन इन्स्टिट्यूटमधल्या शिक्षकांना माझी विनंती आहे की वर्षात दोन तासिका या कामाला द्याव्यात आणि प्रत्येक विद्यार्थ्याची फाइल त्याच्या शेजाऱ्याच्या संगणकावर उघडून तपासावी. पुस्तिकेतला प्रत्येक सराव लिबरऑफिसमध्येही करता येतो. ते विनामूल्य आहे आणि मराठीत चालते.